आठवडाभर आराम

"बसा सर," डॉक्टर हंजे म्हणाले आणि सोनोग्राफीची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिले.

मी बसलो. शाळेची मधली सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. रिपोर्ट घ्यायचा, दाखवायचा आणि सुटायचं, एवढ्याच तयारीनं मी आलो होतो.

"परवा तुम्ही आणलेली, तुमच्याच शाळेतली मुलगी ना? शालन मायाप्पा लवटे?"

"हो. अकरावीला आहे. आमच्या कबड्डी संघाची कप्तान."

"कबड्डी?" त्यांनी फिल्म खाली ठेवली. "मग तुम्हीच आलात ते बरं झालं. आता नीट ऐका. हा ग्रंथींचा ताप आहे. विषाणूचा. घसा धरतो, मानेत गाठी येतात, ताप पंधरा-पंधरा दिवस हलत नाही. त्याला औषध नाही, आपला आपण जातो. पण त्यात पोटातली एक गोष्ट सुजते." त्यांनी स्वतःच्या डाव्या बरगडीखाली बोट टेकवलं. "इथं. प्लीहा. आपल्याकडं पाणथरी म्हणतात. एरवी ती बरगडीच्या आत झाकलेली असते. हिची चार बोटं खाली आलीय. सुजलेली पाणथरी नाजूक असते, सर. धक्का बसला की फुटते. आणि फुटली की पोटातल्या पोटात रक्त वाहतं, बाहेर एक थेंब दिसत नाही."

"पण डॉक्टर, तिला आता बरं वाटतंय. ताप उतरलाय. काल भाकरी खाल्ली म्हणाली."

"त्याचीच भीती असते. बरं वाटतं म्हणून माणूस उठतो." त्यांनी चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. "सहा आठवडे खेळ बंद. पळणं नाही, घागर उचलणं नाही. सहा आठवड्यांनी परत सोनोग्राफी, आणि मी सांगेन तेव्हाच मैदान. मधे कधी पोटात डावीकडं दुखलं, चक्कर आली, किंवा डावा खांदा दुखायला लागला, तर असेल तसं उचलून आणायचं. खांदा लक्षात ठेवा. पोटातल्या रक्तानं खांदा दुखतो आणि लोक खांदाच चोळत बसतात."

"ठीक आहे."

"तिच्या आई-बापाला पाठवून द्या. मी समजावतो."

"मीच सांगतो ना. संध्याकाळी वस्तीवर जाणारच आहे."

"सांगा मग," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या दाराबाहेर तीस-चाळीस माणसं बसली होती. त्यांनी चिठ्ठी आणि रिपोर्ट माझ्या हातात दिला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. ऑक्टोबरचा मंगळवार होता. त्यानंतरच्या बाराव्या दिवशी, रविवारी, आमच्याच शाळेच्या मैदानावर राज्यावर जाणाऱ्या संघासाठी जिल्ह्याची निवड स्पर्धा होती.

शालन ही काय पोर होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लवटेवस्ती आमच्या गावापासून चौदा किलोमीटर, माळावर. मेंढपाळांची बारा-पंधरा घरं. तिचा बाप मायाप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी जायचा, तो थेट पावसाच्या तोंडाला परत. आई तानूबाई घर, कोरडवाहू रान आणि चार शेरडं सांभाळायच्या. शालन थोरली. आठवीत शाळेत आली तेव्हा पायात चप्पल नव्हती, आणि तिनं पहिल्याच दिवशी माझ्या दहावीच्या तीन पोरींना मध्यरेषेपर्यंत फरफटत नेलं होतं. तोवर मला खेळाचा शिक्षक होऊन वीस वर्षं झाली होती. तशी चढाई करणारी मुलगी मला तिच्याआधी मिळाली नाही आणि तिच्यानंतरही नाही. खाली वाकून, हात जमिनीला लागतील एवढं वाकून ती आत शिरायची, आणि कोपऱ्यातल्या खेळाडूला आपण शिवलो गेलो हे कळायच्या आत परत फिरलेली असायची.

मायाप्पानं तिला खेळू दिलं ते माझ्या शब्दावर. पण त्या वर्षी त्यानं मला सांगून टाकलं होतं, "सर, हे एवढं वर्स. फुडल्या सुगीला तिचं लगीन. सोयरीक ठरल्यात जमा हाय." मी म्हटलं होतं, "राज्याच्या संघात निवड झाली तर?" तो हसला होता. "झाली तर बगू. सरकार पोलिसात घेतंय म्हनतासा, मग कशाला लगीन करतोय."

म्हणजे तो रविवार गेला की सगळं गेलं. पुढच्या वर्षी शालन मैदानात नाही, कुणाच्या तरी चुलीपुढं असणार. हे मी स्वतःला सांगत होतो आणि ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरंही नव्हतं. आमच्या शाळेची एकही मुलगी तोवर राज्यावर गेली नव्हती. खरमाटे सरांनी घडवलेली मुलगी गेली, असं लोकांनी माझ्याबद्दल म्हटलेलं मला ऐकायचं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीला तिला ताप आला. घसा सुजला, पाणी गिळवेना. वस्तीवरच्या कुणीतरी तालुक्याच्या औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणून दिल्या, तर दोन दिवसांत अंगभर लाल पुरळ उठलं. गोवर म्हणून तिला आठ दिवस अंधारात झोपवली. शेवटी मीच तिला मोटारसायकलवरून डॉक्टर हंजेंकडं आणली होती. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी करून घेतली. म्हणून रिपोर्ट माझ्याकडं आला.

त्या संध्याकाळी मी वस्तीवर गेलो. मायाप्पा माळावर मेंढरांकडं होता, तानूबाई अंगणात मटकी बडवत होत्या. मला बघून त्यांनी काठी ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला. शालन दारात येऊन उभी राहिली. वाळली होती, पण डोळे पूर्वीसारखे लखलखीत.

"काय म्हनला वो डाक्टर?" तानूबाईंनी विचारलं.

चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात होती. तानूबाईंना ती वाचता येणार नव्हती. शालनला इंग्रजी अक्षरं लागायची, पण डॉक्टरचं अक्षर नाही.

"विषाणूचा ताप होता," मी म्हणालो. "आता उतरलाय. आठवडाभर आराम करायचा. खाणंपिणं नीट ठेवायचं."

"आन खेळ?"

मी शालनकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत होती.

"आठवडाभर नाही," मी म्हणालो. "मग बघू."

"सर, रविवारी चालतंय न्हवं?" शालन म्हणाली. "येत्या न्हाई, त्याच्या फुडच्या?"

"चालतंय."

तानूबाईंनी मला चहा दिला. शेरडाच्या दुधाचा. मी तो पिऊन अंधार पडायच्या आत निघालो. वाटेत एकदा गाडी थांबवून मी ती चिठ्ठी परत वाचली, आणि घडी घालून पाकिटात ठेवली. डॉक्टर नेहमी जास्तच सांगतात, असं मी मनाशी म्हणालो. सहा म्हटलं की दोनमध्ये भागतं. माळावरची पोर आहे, शहरातली नव्हे.

तिनं खरोखर आठवडा आराम केला. मी सांगितलं म्हणून पाण्यालासुद्धा गेली नाही, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं.

रविवारी मैदान भरलं होतं. मायाप्पा आयुष्यात पहिल्यांदा लेकीचा खेळ बघायला आला होता. धुवट धोतर, नवा पिवळा पटका. तानूबाईही आल्या होत्या, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवड समितीचे तिघे मांडवात.

सकाळचा पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. शालनला मी फक्त सहा चढाया दिल्या. तिनं सात गुण आणले. बाहेर आली तेव्हा तिला धाप लागली होती, एरवी लागत नसे. "दम नाही राहिला सर," ती हसून म्हणाली. मी म्हटलं, "आजारातून उठलीस ना. येईल."

दुसरा सामना अकरा वाजता होता. समोरचा संघ पलूसकडचा, अंगानं भारी मुली. मध्यंतराला आम्ही दोन गुणांनी मागं. मांडवातले एक जण माझ्याकडं बघून म्हणाले, "खरमाटे, तुमची ती सात नंबर चांगली आहे. पण जोरकस पकडीतून सुटते का, ते बघायचंय."

मी शालनला तेच सांगितलं. म्हटलं, "आत जा. पकडू दे त्यांना. सुटून दाखव."

ती आत गेली. डाव्या कोपऱ्यातलीनं तिचा घोटा धरला. शालन एका पायावर ओढत निघाली, मैदान उभं राहिलं. मग मधल्या दोघी तिच्यावर पडल्या. एकीचा गुडघा तिच्या डाव्या कुशीत बसलेला मी डोळ्यांनी बघितला. त्या चौघींचा ढीग झाला, आणि त्या ढिगातून शालनचा उजवा हात बाहेर आला आणि मध्यरेषेवर टेकला.

तीन गुण. लोकांनी टोप्या उडवल्या. मायाप्पा उभा राहून शेजारच्याला हलवत होता, "माजी हाय ती! माजी पोरगी हाय!"

शालन उठली. दोन पावलं टाकली आणि वाकली. मी वेळ मागून घेतला.

"कुठं लागलं?"

"पोटात बसलं. न्हाई, बरं हाय." तिनं पाणी घेतलं. मग डाव्या खांद्याला हात लावला. "ह्यो खांदा लई दुकायलाय सर. पडताना मुरगाळला का काय की."

मी तिच्या खांद्याकडं बघितलं. आमच्या संघातल्या एका मुलीनं मलमाची डबी काढली आणि शालनचा खांदा चोळायला लागली. दुसरीनं थंड फवारा मारला. मी तिथं उभा होतो. मला डॉक्टरचा आवाज शब्दन् शब्द ऐकू येत होता. "खांदा लक्षात ठेवा."

मी तेव्हा काय करायला पाहिजे होतं, ते कुणालाही सांगता येईल. गाडी मैदानाच्या कडेलाच उभी होती. डॉक्टर हंजेंचा दवाखाना अर्ध्या मैलावर.

मी म्हणालो, "तू बाहेर बस. बाकीच्या खेळतील."

तिला खेळातून काढलं एवढंच मी केलं. खांदाच असेल, असं मी स्वतःला म्हणत होतो. उचलून न्यायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. मी सामना संपेपर्यंत थांबलो. सामना आम्ही जिंकलो. अठरा मिनिटं गेली, त्यानंतर मुली नाचत होत्या त्यात आणखी दहा. शालन बाकावर बसून होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता. "सर, डोळ्यापुढं अंदारी येतीया," ती म्हणाली आणि बाकावरून खाली घसरली.

मग आम्ही पळालो. एका पालकाची जीप होती. डॉक्टर हंजेंनी तिच्या पोटावर हात ठेवला, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली. त्यांनी सलाईन लावलं, स्वतः जीपमध्ये बसले आणि म्हणाले, "मिरज. कुठं थांबू नका."

दीड तासात मिरज गाठलं. दुपारचे दोन वाजले होते. तिला स्ट्रेचरवरून आत नेलं. थोड्या वेळानं एक सर्जन बाहेर आले. मी, मायाप्पा, तानूबाई आणि डॉक्टर हंजे असे आम्ही चौघे कॉरिडॉरमध्ये होतो.

"पोट रक्तानं भरलंय," सर्जन म्हणाले. "प्लीहा फुटलीय. आत्ता काढायला घेतोय. कमीत कमी सहा बाटल्या रक्त पाहिजे, जास्त लागेल. आधी हिला काही आजार झाला होता?"

"ग्रंथींचा ताप," डॉक्टर हंजे म्हणाले. "प्लीहा चार बोटं वाढली होती. मी सहा आठवडे खेळ बंद सांगितला होता. त्याला आज बारा दिवस झालेत." ते माझ्याकडं वळले. "सर, मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही घरच्यांना सांगितलं नाही?"

मायाप्पा माझ्याकडं बघायला लागला. आधी त्याला नीट कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी चढत गेलं. तो सहा फुटी माणूस होता. हातात काठी होती.

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

शब्द तोंडातून निघून गेले. मी ठरवून बोललो असं म्हणता येणार नाही, पण नकळत बोललो असंही नाही.

"कुणाला सांगितलं हुतं?" मायाप्पा म्हणाला. "मला तर कोन बोललं न्हाई."

"तुम्ही मेंढरांकडं होता. मी वस्तीवर गेलो होतो. यांना सांगितलं होतं." मी तानूबाईंकडं हात केला.

मायाप्पा बायकोकडं वळला. "तुला सांगितलं हुतं? सा आटवडं खेळायचं न्हाई म्हनून? आन तू पोरीला धाडलीस?"

तानूबाई माझ्याकडं बघत होत्या. मी त्या नजरेत राग शोधला, पण तो तिथं नव्हता. काहीतरी मोजून बघावं तसं त्यांनी एकदा नवऱ्याच्या हातातल्या काठीकडं बघितलं. मग त्यांनी नवऱ्याकडं तोंड केलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "सरांनी सांगितलं हुतं. माज्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मायाप्पानं त्यांच्या तोंडात मारली. तिथंच, सगळ्यांदेखत. डॉक्टर हंजेंनी त्याला धरलं. तानूबाईंनी गालाला हातसुद्धा लावला नाही. त्या मला म्हणाल्या, "सर, तुमी रगताचं बगा. पळा."

मी पळालो. मिरजेतल्या एका तालमीचे वस्ताद माझ्या ओळखीचे होते, त्यांनी सात पैलवान पाठवले. सांगलीच्या दोन शाळांतले खेळाचे शिक्षक आले. माझा रक्तगट तिच्याशी जुळत होता, पहिली बाटली माझी गेली. संध्याकाळी सहापर्यंत अकरा बाटल्या जमल्या. आमच्या गावातले, वस्तीवरचे लोक येऊन पोचले होते. मी हात दाबून धरून जिन्यावर बसलो होतो, तेव्हा माणसं येऊन माझ्या पाठीवर थाप मारत होती. "सर, तुमी हाय म्हनून."

ऑपरेशन पार पडलं. शालन शुद्धीवर आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. मला आत सोडलं तेव्हा तिच्या नाकात नळी होती. तिनं मला विचारलं, "सर, निवड झाली?"

"झाली," मी म्हणालो. ते मात्र खरं होतं. यादीत तिचं नाव पहिलं होतं.

त्याच रात्रीपासून तिची लघवी बंद झाली. फार वेळ रक्त गेलं होतं, मूत्रपिंडांनी काम सोडलं, असं सर्जन म्हणाले. अर्धा तास आधी आणली असती तर, असंही म्हणाले. ते कुणाला उद्देशून नव्हतं, पण मायाप्पानं ते बायकोकडं बघत ऐकलं. बुधवारी सकाळी नऊच्या सुमाराला शालन गेली. तिला सतरावं पुरं व्हायला दोन महिने होते.

दहाव्याला मी वस्तीवर गेलो. शाळेतले सगळे गेलो होतो. मुख्याध्यापक, आठ-दहा शिक्षक, संघातल्या मुली. माळावर सतरंज्या टाकल्या होत्या. तानूबाई एका बाजूला भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी एकही बाई बसली नव्हती. ते मला लांबूनच दिसलं.

विधी आटपले, माणसं उठायला लागली, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

"थांबा वाईच," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "आता पोरगी गेली. आता मला खरं बोलायचं हाय. सरांनी मला सा आटवडं म्हनून सांगितलं न्हवतं. आटवडाभर आराम, असं म्हनलं हुतं. रविवारी चालतंय म्हनलं हुतं. शालीच्या देकत."

उठलेली माणसं परत बसली.

"मग दवाखान्यात का व्हय म्हनलीस?" मायाप्पाचा भाऊ म्हणाला.

"ह्यांच्या हातात काठी हुती. सरांचं डोस्कं फोडलं असतं ह्यांनी. मग रगात कुनी आनलं असतं? मला त्या गावात कोन वळखत हुतं? तवा पोरगी जित्ती हुती." मग त्या माझ्याकडं वळल्या. "सर, सांगा तुमी. तुमाला ठावं हाय."

शंभर-सव्वाशे माणसं माझ्याकडं बघत होती. माझ्या दंडावर रक्त काढल्याचा काळानिळा डाग अजून होता, बाही दुमडलेली होती. मुख्याध्यापकांनी माझ्या कोपराला हळूच धरलं, मला धीर द्यायला.

मी म्हणालो, "ताई दुःखात आहेत. त्यांना बोलू द्या."

एवढंच. त्यांच्यावर मी खोटेपणाचा आरोपसुद्धा केला नाही. गरज पडली नाही. एक म्हातारा म्हणाला, "ज्यानं रगात दिलं त्याच्यावरच उलटली." मायाप्पा उठला, माझ्यापाशी आला आणि त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला. "माफी करा सर," तो म्हणाला. "बाईमानूस हाय. डोकं फिरलंय तिचं."

मी त्याला उठवलं. तानूबाई परत भिंतीला टेकून बसल्या. त्यानंतर त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

महिन्याभरात मायाप्पानं त्यांना माहेरी नेऊन सोडलं. सीमेपलीकडं, अथणीच्या बाजूला त्यांच्या भावाचं घर होतं. धाकट्या दोन पोरांना त्यानं ठेवून घेतलं. मी नोकरी करत राहिलो. पुढं आमच्या शाळेच्या चार मुली राज्यावर गेल्या. डॉक्टर हंजे मला रस्त्यात भेटायचे, नमस्कार करायचे, पण थांबून बोलायचे नाहीत. त्यांना काय वाटत होतं ते मी कधी विचारलं नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी, म्हणजे बारा वर्षांनी, मी अथणीकडची एसटी धरली. कोणत्या एका गोष्टीनं मी गेलो असं नाही. रोज सकाळी उठून जायचं म्हणायचो, एक दिवस गेलो.

तानूबाई भावाच्या गोठ्यात शेण भरत होत्या. केस पिकले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं. हात धुतले, पण बसा म्हणाल्या नाहीत.

मी उभ्यानंच सगळं बोललो. चिठ्ठी, खिसा, खांदा, कॉरिडॉर, दहावा. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"मला काय सांगताय ह्ये?" त्या म्हणाल्या. "मी हुते की तितं. मला सगळं म्हाईत हाय."

"मला माफी मागायची होती."

"मला सांगून तुमचं मन हलकं हुईल. माजं काय?" त्यांनी पाटी उचलून डोक्यावर घेतली. "ज्यांना ठावं न्हाई त्यांना जाऊन सांगा."

मी त्याच पावली परत फिरलो आणि दुसऱ्या दिवशी लवटेवस्तीवर गेलो. मायाप्पा थकला होता, मेंढरं आता पोरगा बघायचा. त्याच्या भावाला, सुनेला, शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना त्याच्या अंगणात बोलावून घेतलं, आणि सगळ्यांसमोर मी सांगितलं. तो मला मारेल अशी माझी अपेक्षा होती. खरं सांगायचं तर तशी इच्छा होती.

तो हलला नाही. जमिनीकडं बघतच म्हणाला, "मिरजेस्नं आल्यापास्नं तिच्या हातचं पानी पिलो न्हाई मी. समोर तांब्या घिऊन उबी ऱ्हायची, तर त्वांड फिरवायचो. आन मग सोडूनच आलो."

त्यानं मला जा म्हटलं नाही की थांब म्हटलं नाही. भिंतीला हात लावून उठला, आत जाऊन पटका बांधून आला आणि पोराला म्हणाला, "अथनीची गाडी किती वाजता हाय बग."

तो गेला. भावकीतली आणखी दोघं बरोबर गेली, रीतसर आणायला. तीन दिवस तिथं राहिले. मायाप्पानं मेव्हण्याच्या दारात बसून दोन दिवस अन्न घेतलं नाही, असं मला नंतर समजलं.

तानूबाईंनी त्याला जेवायला वाढलं, येतानाची भाकरी बांधून दिली, पोरांची, नातवंडांची चौकशी केली.

पण त्या परत आल्या नाहीत.